बर्फातलं मीठ

धुरपदाबाईच्या लसीच्या पेटीत बर्फाबरोबर खडे मीठ असायचं, आणि त्या मिठाचा तिला गर्व होता. ही गोष्ट ती कुणाला सांगत नसे. सांगितली तर बाकीच्या नर्सबायाही मीठ घालायला लागतील आणि मग तिच्यात नि त्यांच्यात फरक काय राहील? माणसाला गर्व कशाचाही होतो. कुणाला मुलाच्या नोकरीचा होतो, कुणाला स्वतःच्या केसांचा. हिला मिठाचा होता.

तिचं माहेर नशिराबादचं. बाप गिरधर, हायवेच्या फाट्यावर कुल्फीची गाडी लावायचा. पत्र्याची नळकांडी माठात उभी करायची, भोवती फोडलेला बर्फ आणि त्यावर मुठी-मुठीनं मीठ, हे काम धुरपदानं सातव्या वर्षापासून केलेलं. नुसत्या बर्फात दूध थंड होतं, गोठत नाही, हे तिला शाळेत शिकवायच्या आधी ठाऊक होतं. गिरधर म्हणायचा, "बर्फ एकटा भोळा राह्यतो पोरी. त्याले मीठ लावलं का मंग त्याची खरी थंडी निंघते." याच कुल्फीवर त्यानं पोरीला नर्सिंग शिकवलं. नवऱ्यानं टाकलेली पोर पायावर उभी राहिली ती बापाच्या त्या माठामुळे, असं ती स्वतः म्हणायची आणि ते खरं होतं.

तिचं उपकेंद्र चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. हाताखाली अकरा पाडे, एका पाड्यापासून दुसऱ्यापर्यंत पायवाट. शहाऐंशी साली लसीकरणाची मोठी मोहीम निघाली आणि सगळ्या नर्सना जळगावला बोलावून आठ दिवस एकच गोष्ट घोकून घेतली: लस गरम झाली की मेली. आता खानदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, डांबरी रस्ता चपलेला चिकटून वर येतो. आरोग्य केंद्रातल्या फ्रिजचा अर्धा वेळ लाइटची वाट पाहण्यात जायचा. पेटीबरोबर बर्फाच्या म्हणून मिळालेल्या डब्यांमध्ये दुपारी चहा करता येईल इतपत कोमट पाणी व्हायचं. बाकीच्या नर्सबाया हात वर करून मोकळ्या झाल्या. धुरपदाबाईनं चोपड्याच्या बर्फाच्या कारखान्यातून लादी आणली, फोडली, पेटीत भरली आणि वर दोन ओंजळी मीठ टाकलं.

संध्याकाळी पेटी उघडली तर आतल्या बाटल्या टणक. धुरपदाबाईला भरून आलं. टोचायच्या आधी ती बाटली मुठीत धरून बसायची, पातळ होईपर्यंत. धनुर्वाताची लस पातळ झाल्यावर तिच्यात बारीक कण तरंगायचे, फुटलेल्या दुधासारखे. बाटली हलवली की ते मिसळून जायचे, आणि ती सुई भरायची.

छापील कागदावर एक ओळ होती की अमुक लसी गोठू देऊ नयेत. ती ओळ धुरपदाबाईनं वाचली होती. तिला हसू आलं होतं. हा कागद कुठल्यातरी थंड मुलखातल्या साहेबानं लिहिलेला दिसतो, असं ती मनाशी म्हणाली. चोपड्याच्या मे महिन्यात गोठायची भीती कुणाला?

झिरीपाडा हा तिच्या अकरांतला सगळ्यात आडवाटेचा पाडा. पावरा लोकांची तीस-बत्तीस घरं. पावसावरची ज्वारी, जंगलातली मोहफुलं आणि डिंक, आणि उरलेले महिने खाली केळीच्या मळ्यांत मजुरी, असं त्यांचं वर्ष. सत्त्याऐंशीच्या एप्रिलमध्ये ती तिथं पेटी घेऊन गेली तेव्हा बाया झोपड्यांतून बाहेरच येईनात. सुईनं ताप येतो, सुईनं पोट पडतं, सगळं त्यांच्या कानावर आधीच पोचलेलं.

धुरपदाबाई अंगणात फतकल मारून बसली, तशा बाया दारांतून डोकवायला लागल्या. शेताची राखण करणारा एक लाल कुत्रा समोरच पडला होता. त्याच्याकडे बोट करून ती म्हणाली, "चोरनी चप्पल या कुत्राले हुंगाले देवो. मंग चोर कव्हयबी येवो, कुत्रा तेले वळखस. ही सुई म्हंजे चप्पल शे. चोर नही." माणसाच्या रक्तातही असे राखणदार असतात, ते एकदा वास ओळखून ठेवतात आणि पुढं जन्मभर विसरत नाहीत, गरोदर बाईच्या रक्तातले राखणदार नाळेतून पोटातल्या बाळाकडेही जातात, तेव्हा बाळ जन्माला येतं ते राखण घेऊनच, असं तिनं सांगितलं. हे सगळं शास्त्राला धरून होतं. तिच्याइतकं सोपं करून जळगावच्या साहेबालाही सांगता आलं नसतं.

बाया एकमेकींकडे पाहत राहिल्या. वेस्ताची बायको रुपली तेवढी पुढं आली. एकोणीस-वीस वर्षांची, पहिलटकरीण, हसरी. "तो कुत्रा माले चावाव नही ना?" तिनं विचारलं आणि सगळ्या हसल्या. रुपलीनं दंड पुढे केला. तिचं पाहून मागून नऊ जणी आल्या. मे महिन्यात धुरपदाबाईनं दुसरी सुई दिली, तेव्हा रुपलीनं तिच्यासाठी चारोळ्या पानात बांधून ठेवल्या होत्या.

जुलैच्या शेवटी रुपलीला मुलगा झाला. बाळंतपण सासूनं केलं, दिवालीबाईनं. पाड्यातली सगळी बाळंतपणं तीच करायची. तिच्या हातावर किती पोरं जन्मली हे तिलाही सांगता आलं नसतं. रिवाजाप्रमाणे तिनं बांबूची ताजी धारदार पात तासून काढली, नाळ कापली, वर चुलीतली राख दाबली.

सहाव्या दिवशी पोरानं अंगावर प्यायचं सोडलं. सातव्या दिवशी वेस्ता उपकेंद्रावर पळत आला. धुरपदाबाई पोचली तेव्हा पोराचा जबडा मिटलेला होता आणि कुणी हात लावला, नुसतं भांडं वाजलं, तरी इवलंसं अंग कमानीसारखं ताठ व्हायचं. तोंडावर रडं होतं, आवाज नव्हता. धुरपदाबाईनं पुस्तकात हे चित्र पाहिलेलं. धनुर्वात.

मग तिला राग आला. तो राग स्वतःच्या कामाच्या अभिमानातून आलेला होता, हे तिला फार पुढं कळलं. एवढ्या उन्हात, एवढं चालून, एवढं मीठ-बर्फ करून आपण या पोराला राखण दिली आणि या लोकांनी ती मातीत घालवली. तिनं विचारलं, नाळ कशानं कापली? दिवालीबाईनं कुडात खोचलेली बांबूची पात काढून दाखवली, लपवण्यासारखं त्यात काही नाही अशा सरळपणानं. धुरपदाबाईनं ती हिसकावून घेतली आणि सबंध पाड्यासमोर उंच धरली.

"तू तुना हातनी मारं या लेकराले!" ती ओरडली.

दिवालीबाईनं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

पोराला झोळीत घालून वेस्ता नि धुरपदाबाई खाली निघाले. डांबरी रस्ता दिसायच्या आत झोळी हलायची थांबली. वेस्तानं झोळी उघडून पाहिली नाही. त्याला वजनावरूनच कळलं असावं, कारण तो वळला आणि तसाच परत चढायला लागला.

धुरपदाबाईनं रजिस्टरमध्ये लिहिलं: नाळ अस्वच्छ साधनाने कापल्यामुळे धनुर्वात. पुढच्या रकान्यात मातेला किती डोस दिले ते लिहायचं होतं. दोन, तिनं लिहिलं. त्या 'दोन'वर तिचं पेन जरा थबकलं. दोन डोस असताना असं का व्हावं? मग तिनं ठरवून टाकलं की रुपलीच्या अंगातच कस नाही, उपाशी अंग ते, लस धरली नसेल. अडचणीच्या प्रश्नाला आपल्या सोयीचं उत्तर सापडलं की माणूस पुढं शोधत नाही. धुरपदाबाईही शोधायची थांबली.

त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी तिच्या अकरा पाड्यांत पोलिओचा एकही रोगी निघाला नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी तिला बोलावून नारळ नि शाल दिली. झिरीपाड्यात जाताना मात्र तिला एक गोष्ट दिसायची आणि ती नजर वळवायची. दिवालीबाईनं उजवा हात वापरायचा सोडून दिला होता. लुगड्याच्या पदरात तो गुंडाळून पोटाशी धरायची. भाकर डाव्या हातानं खायची, पाणी डाव्या हातानं भरायची. बाळंतपणाला तिला आता कुणी बोलवत नव्हतं, आणि बोलावलं असतं तरी ती गेली नसती. कुणाचं पोर रांगत जवळ आलं की ती उठून दुसरीकडे जाऊन बसायची.

एकोणनव्वदच्या फेब्रुवारीत धुळ्याला उजळणी वर्ग लागला. येताना प्रत्येकीनं आपल्या केंद्रातली धनुर्वाताच्या लसीची एक बाटली घेऊन यायची, असा निरोप होता. धुरपदाबाईनं आपली बाटली थर्मासात घातली, बर्फ घातला, आणि सवयीनं वर मीठ. अमळनेरमार्गे एसटीनं धुळ्याला, तिथून पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात. इतक्या लांब येऊनही आपली बाटली सगळ्यांत गार निघणार, या विचारानं ती प्रवासभर खूश होती.

शिकवायला एक मध्यमवयीन डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी सगळ्यांच्या बाटल्या टेबलावर मांडून घेतल्या. कुणाचं नाव कशावर नव्हतं. धुरपदाबाईची गोठलेली होती, ती तोवर पातळ झाली होती. बाईंनी सगळ्या बाटल्या एकामागून एक जोरजोरात हलवल्या आणि म्हणाल्या, "आता अर्धा तास हात लावू नका. तोवर मी बोलते."

त्या बोलत राहिल्या. काही लसी थंडीनं जगतात, पोलिओची त्यातली. धनुर्वाताची आणि लहान मुलांची डांग्या खोकला, घटसर्प वगैरेंची त्रिगुणी लस मात्र वेगळी. तिच्यातलं औषध तुरटीच्या जातीच्या क्षाराला बारीक-बारीक चिकटवलेलं असतं. त्या चिकटण्यामुळेच शरीराचं तिच्याकडे लक्ष जातं, शरीर तिला ओळखून ठेवतं. एकदा गोठली की ती जोडणी तुटते आणि पुन्हा जुळत नाही. मग ती टोचून उपयोग नाही. शरीराला काही समजतच नाही.

अर्ध्या तासानं बाकी सगळ्या बाटल्या एकसारख्या धूसर होत्या. एका बाटलीत वर स्वच्छ पाणी आणि तळाशी कणांचा गाळ.

"ही कुणाची?" बाईंनी बाटली उचलून विचारलं.

धुरपदाबाईच्या मांडीवर तिचे हात होते. ते तिथंच राहिले. बाईंनी दोनदा विचारलं. "बरं, असो," त्या म्हणाल्या, "ज्यांची असेल त्यांनी समजून घ्या. ही लस नाही, हे पाणी आहे."

परतीच्या एसटीत तिनं एकेक आठवायला सुरुवात केली. मार्च ते जून, तीन उन्हाळे. मुठीत धरून पातळ केलेल्या बाटल्या. फुटलेल्या दुधासारखे कण. हलवून मिसळून टाकलेले कण. एप्रिलमध्ये रुपली, मेमध्ये रुपली. अमळनेरच्या स्टँडवर कुणीतरी कुल्फी विकत होता, माठावर ओलं फडकं टाकून. धुरपदाबाईनं खिडकीची काच ओढून घेतली.

आरोग्य केंद्राचे डॉक्टर अभिमन पाटील तरुण होते, कामाचे होते, आणि माणूस म्हणून वाईट नव्हते. तिचं ऐकताना त्यांनी उठून दार लोटून घेतलं.

"किती बायका?"

"एकशे त्र्याऐंशी."

"आणि बाळं किती गेली धनुर्वातानं?"

"चार, साहेब. चारही आया उन्हाळ्यात टोचलेल्या. रजिस्टर काढून बसले होते काल. त्रिगुणीवाली लहान पोरं वेगळीच. ती तर मी मोजलीही नाहीत."

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "हे बघा धुरपदाबाई. गरोदर आहेत त्या सगळ्यांना पुन्हा टोचा. पोरांनाही. बूस्टर म्हणून सांगा. पण मागची लस वाया गेली होती, हा शब्द तोंडातून काढू नका. तुमच्या नोकरीसाठी म्हणत नाही मी. हे बाहेर फुटलं तर पुढची दहा वर्षं त्या पाड्यांत एक बाई दंड उघडा करणार नाही. मग जी पोरं मरतील ती कुणाच्या माथी मारायची?"

ते बरोबर बोलत होते. धुरपदाबाईलाही ते पटलं, आणि पटल्याचं तिला बरंही वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. तिनं मिठाचा डबा उकिरड्यावर पालथा केला आणि नव्या बाटल्या नुसत्या गार पाण्याच्या डब्यांमध्ये ठेवून पाडे फिरायला लागली.

बूस्टर म्हटलं की बाया ऐकायच्या. झिरीपाड्यातही आठ जणींनी घेतलं. फक्त रुपली नाही म्हणाली. तिला पुन्हा दिवस गेले होते, सातवा लागला होता.

"नको बाई. दोनदाव टोची तू माले," रुपली म्हणाली. "तव्हय कोठे गयथा तुना कुत्रा?"

रुपली आता हसत नव्हती. तिनं हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं, खरंच विचारलं होतं. ही नवी लस आहे, जास्त ताकदीची आहे, दिल्लीहून आली आहे, असं धुरपदाबाईनं सांगून पाहिलं. रुपली ऐकून घ्यायची आणि मान हलवायची. दुसऱ्या खेपेला तिनं झोपडीचा कुडाचा दरवाजाच ओढून घेतला. वेस्ताला मध्ये घातलं तर तो म्हणाला, "तिनं आंग, तिनं पोर. मी काय सांगू?"

होळीआधीचा भोंगऱ्याचा बाजार होऊन गेला, होळी झाली. आता दिवस भरायला आठच आठवडे राहिले होते. दोन सुयांमध्ये चार आठवडे लागतात, आणि दुसरीनंतर आईच्या रक्तात राखण तयार होऊन बाळापर्यंत पोचायला आणखी दोन-तीन. म्हणजे पहिली सुई याच आठवड्यात जायला हवी होती. भोंगऱ्याचा बाजार होऊन गेला, होळी झाली. धुरपदाबाई रात्रंदिवस तेच आठवडे मोजत होती. रुपलीला नवी पाती देऊन ठेवता आली असती, उकळलेला दोरा देता आला असता. पण बाळंतपण कधी, कुठं, कुणाच्या हातून होईल हे त्या पाड्यात कुणाच्याच हातात नव्हतं. आणि ते झोळीतलं वजन तिला आठवायचं.

मोहफुलं गळायचे दिवस. सकाळी पाड्यातल्या सगळ्या बाया वरच्या टेकाडावर मोहाच्या झाडांखाली असायच्या. धुरपदाबाई पेटी घेऊन तिथंच गेली. खाली पिवळट फुलांचा सडा, गोड आंबूस वास, आणि बाया टोपल्या घेऊन उकिडव्या बसलेल्या. रुपलीला उकिडवं बसवत नव्हतं म्हणून ती पाय पसरून, हात पुरेल तेवढ्यातलीच वेचत होती. झाडाच्या पलीकडे दिवालीबाई डाव्या हातानं वेचत होती.

धुरपदाबाई रुपलीपुढं बसली. डॉक्टरांचं दार लोटून घेणं तिला आठवलं. या सगळ्याजणी ऐकणार हेही तिला दिसत होतं. रुपलीला एकटीला बाजूला घ्यावं असं मनात आलं, पण दोन वर्षांपूर्वी तिनं कुणाला बाजूला घेतलं होतं?

"रुपली, तव्हयनी लस मरेल व्हती," ती म्हणाली. "मीच मारी तिले. बर्फमा मीठ टाकीसन गोठाडी दिधी. माले वाटे, जितकी गार तितकी चांगली. चप्पल व्हती, पन तिले वासच नव्हता. कुत्राले काय समजी?"

रुपलीचा हात फुलांवर थांबला. आजूबाजूचे हातही थांबले. पाड्यातल्याच दिवल्याची बायको पलीकडून उठून जवळ आली. गेल्याच आठवड्यात तिनं बूस्टर घेतला होता.

"आनि माले टोची ती?"

"ती जित्ती शे. देवनी आन."

"तव्हय बी तू असंच सांगं," दिवल्याची बायको म्हणाली. "आते कसं मानानं आम्ही?"

दिवल्याच्या बायकोनं टोपली उचलली. तिच्यामागून दुसरी उठली, मग तिसरी. कुणी शिवी दिली नाही, कुणी दगड उचलला नाही. जाताना एकीनं आपल्या कडेवरच्या पोरीचा दंड पदरानं झाकला. टेकाड रिकामं झालं. डॉक्टर बरोबर बोलले होते. पुढं चार वर्षं झिरीपाड्यातल्या त्या उठून गेलेल्या बायांनी धुरपदाबाईलाच काय, कुठल्याच नर्सला सुई लावू दिली नाही, आणि त्या चार वर्षांत डांग्या खोकल्यानं तिथं काय झालं ती वेगळी गोष्ट आहे, सांगवणार नाही अशी.

रुपली राहिली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"माले काबरं सांगस?" ती म्हणाली. तिनं झाडापलीकडे मान हलवली. "तिले सांग. मंग टोच."

धुरपदाबाई उठली. तेवढी पाच-सहा पावलं, पण अकरा पाड्यांच्या पायवाटा तिला इतक्या लांब कधी वाटल्या नव्हत्या. दिवालीबाई वर पाहत नव्हती. धुरपदाबाई तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि सगळं पुन्हा सांगितलं, बर्फ, मीठ, बाटली, गाळ. म्हातारीला त्यातलं काय कळलं कुणास ठाऊक. ती ऐकत होती एवढं खरं.

"तूच सांगं व्हतं ना," दिवालीबाई शेवटी म्हणाली, "मी मना हातनी मारं म्हनीसन?"

आता खरं सांगायचं तर विष बांबूच्या त्या पातीवरच होतं, नाहीतर त्या राखेत. नाळ स्वच्छ पातीनं कापली असती तर पोर लस नसतानाही वाचलं असतं. धुरपदाबाईला हे माहीत होतं. अर्धा दोष तुझा, अर्धा माझा, असं शास्त्राला धरून सांगता आलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी सगळाच्या सगळा दोष या बाईच्या पदरात टाकताना तिनं कुठं अर्धा-अर्धा केला होता?

"नही माय," ती म्हणाली. "मना हातनी."

दिवालीबाईनं डाव्या हातानं पदर सोडवला आणि उजवा हात बाहेर काढला. तो हात डाव्यापेक्षा बारीक झाला होता, ऊन न लागल्यानं फिका पडला होता. तिनं तो मोहाच्या एका फुलावर नेला. बोटं फुलाभोवती मिटेनात. तिनं पुन्हा नेला. फूल बोटांनी ढकललं जायचं, उचललं जात नव्हतं.

रुपली पोट सावरत आली. तिनं एक फूल घेऊन सासूच्या तळव्यावर ठेवलं आणि एकेक बोट धरून त्यावर मिटवलं. अंगठा, मग पुढचं, मग मधलं. तिनं हात सोडला तशी ती बोटं परत हळूहळू उघडली आणि फूल खाली पडलं. दिवालीबाईनं ते डाव्या हातानं उचललं, फुंकर मारून धूळ उडवली आणि टोपलीत टाकलं.

रुपली धुरपदाबाईकडे वळली आणि तिनं दंड पुढे केला.

धुरपदाबाईनं पेटी उघडली. बाटली हलवली आणि मोहाच्या बुंध्याशी सपाट दगडावर ठेवली. अर्धा तास दोघी त्या बाटलीकडे पाहत बसल्या. तळाशी काही बसलं नाही. मग धुरपदाबाईनं सुई भरली आणि टोचली. रुपलीनं डोळे मिटले नाहीत.

पलीकडे दिवालीबाई डाव्या हातानं फुलं वेचत होती.